क्रेडिट : एक शब्द, अनेक खाती

व्यापारी कुटुंबात दिवसभरात सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा इंग्रजी शब्द कोणता, असा प्रश्न केल्यास 'क्रेडिट' हे उत्तर बहुधा बरोबर ठरेल. पेढीवर आलेला गिऱ्हाईक तीस दिवसांचे क्रेडिट मागतो. करसल्लागार दूरध्वनीवरून कळवतात, की दोन बिलांचे क्रेडिट अडकले आहे. बँकेचा संदेश येतो, की खात्यात रक्कम क्रेडिट झाली. महाविद्यालयात जाणारी मुलगी चार क्रेडिटचा विषय निवडते, तिचा भाऊ क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढल्याचे आनंदाने सांगतो. आणि एखादा मोठा व्यवहार यशस्वी झाल्यावर त्याचे क्रेडिट कोणाला द्यायचे, यावर घरात गोड वाद रंगतो.

शब्द एकच, परंतु या सहा वाक्यांत त्याचे सहा अर्थ आहेत. मराठीने त्यातील प्रत्येक अर्थासाठी स्वतंत्र शब्द राखला आहे. पहिल्या वाक्यातील क्रेडिट म्हणजे उधार, दुसऱ्यातील कराची वजावट, तिसऱ्यातील जमा, चौथ्यातील श्रेयांक, पाचव्यातील मंजूर कर्जमर्यादा आणि सहाव्यातील श्रेय. या सर्वांच्या मुळाशी असलेला सातवा शब्द म्हणजे पत. पूर्वीच्या पेढ्यांवर हे शब्द वेगवेगळे वापरले जात आणि त्यामुळे त्यांतील भेदही ध्यानात राहत असे. आता सगळ्यांना मिळून 'क्रेडिट' म्हटले जाते, आणि शब्दाबरोबर अर्थांचीही सरमिसळ होते. उधारीला पत समजणे, मर्यादेला भांडवल समजणे आणि बिलावर छापलेल्या कराला हातात आलेली वजावट समजणे, या तीन गैरसमजांपायी अनेक चांगल्या पेढ्या अडचणीत येतात. म्हणूनच या शब्दाची खाती एकेक करून उघडून पाहणे उपयुक्त ठरेल.

शब्दाचे मूळ

'क्रेडिट'चे मूळ लॅटिन भाषेतील 'क्रेदेरे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ विश्वास ठेवणे, भरवसा करून एखादी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. इटालियन व फ्रेंच भाषांतून हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत स्थिरावला. ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो तो 'क्रेडिबल', आणि ओळख पटवणारी कागदपत्रे ती 'क्रेडेन्शियल्स', ही सगळी त्याच घराण्यातील नावे होत.

भारतीय वाचकाला अधिक जिव्हाळ्याची वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी लॅटिन 'क्रेदो' आणि संस्कृत 'श्रद्धा' या दोन शब्दांचे मूळ एकच मानले आहे. संस्कृतातील 'श्रत्' आणि 'धा' यांचा संयोग ज्या प्राचीन धातूंपासून झाला, त्यांपासूनच लॅटिन शब्दही घडला. म्हणजे देव्हाऱ्यासमोर उच्चारली जाणारी श्रद्धा आणि गल्ल्यावर उच्चारले जाणारे क्रेडिट ही फार दूरची का होईना, पण भावंडे आहेत.

हे मूळ ध्यानात घेतले की एक सोपी कसोटी हाती येते. 'क्रेडिट' हा शब्द जेथे येईल तेथे विचारावे : येथे कोणी, कोणावर, कशाबाबत आणि किती मुदतीसाठी विश्वास ठेवला आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक अर्थागणिक बदलते आणि व्यवहारातील जोखीमही त्याप्रमाणे बदलते.

पासबुकातील जमा

नव्याने हिशेब शिकणाऱ्या तरुणांना एक कोडे हमखास पडते. स्वतःच्या पुस्तकात बँकेत पैसे भरल्याची नोंद डेबिट बाजूला होते. मग त्याच रकमेपुढे पासबुकात क्रेडिट का लिहिलेले असते?

उत्तर साधे आहे. पासबुक हा बँकेच्या खतावणीचा उतारा आहे. पैसे भरणारा बँकेवर विश्वास टाकतो आणि बँक त्याची देणेकरी होते. बँकेच्या दृष्टीने तो देणारा, म्हणून त्याच्या नावावर रक्कम जमा. त्याच्या दृष्टीने बँक घेणारी, म्हणून बँकेच्या नावे. दोन्ही नोंदी बरोबर असतात. त्या एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असतात. ओव्हरड्राफ्ट काढला, की देणेकरी व धनको यांची जागा बदलते आणि दोन्हीकडील बाजूही उलटतात.

या दुहेरी नोंदपद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. भारतीय व्यापाऱ्यांची देशी नामापद्धतीही कीर्द आणि खतावणी यांच्या आधारे जमा व नावे या दोन बाजू सांभाळत असे. देशी खतावणीत जमा डाव्या हाताला आणि नावे उजव्या हाताला. इंग्रजी पद्धतीत नेमके उलट. बाजू बदलल्या तरी तत्त्व एकच राहिले : घेणारा नावे, देणारा जमा.

यातून ठेवीदाराला एक महत्त्वाचा बोध मिळतो. ठेव ठेवणे म्हणजे बँकेला किंवा संस्थेला क्रेडिट देणे होय. ठेवीदार हा धनको असतो, आणि धनकोने ऋणकोची पत तपासायची असते. भारतात बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदारास व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून या देशात सहकारी पतपुरवठ्याची परंपरा उभी राहिली आणि अनेक संस्थांनी छोट्या व्यापाऱ्यांना मोलाचा आधार दिला, हे खरे. परंतु 'पत' हा शब्द संस्थेच्या नावात असणे आणि संस्थेकडे पत असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. अर्धा-एक टक्का जादा व्याजापोटी संपूर्ण कुटुंबाची पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्यापूर्वी लेखापरीक्षण अहवाल व थकबाकीचे प्रमाण पाहणे हे धनकोचे कर्तव्यच आहे.

दुकानातील उधार

'उधारीचे पोते सव्वा हात रिते' ही म्हण मराठी मुलखातील व्यापाऱ्याने अनुभवातून घडवली. पोते पूर्ण भरलेले दिसते, परंतु त्यातील काही भाग नेहमीच रिकामा असतो. हा रिता सव्वा हात म्हणजे किती, हे आकड्यांत मांडता येते.

समजा, एका पेढीची वार्षिक विक्री एक कोटी वीस लाख रुपये आहे आणि सर्व विक्री उधारीवर होते. सरासरी उधारी तीस दिवसांची असेल, तर दहा लाख रुपये सतत बाजारात अडकलेले राहतात. मुदत साठ दिवसांवर गेली, की वीस लाख अडकतात. वाढलेल्या दहा लाखांसाठी बँकेचे बारा टक्के व्याज धरले, तर वर्षाला एक लाख वीस हजार रुपये, म्हणजे विक्रीच्या एक टक्का रक्कम जाते. ज्या धंद्यात निव्वळ नफा चार टक्के आहे, तेथे नफ्याचा चौथा हिस्सा केवळ 'आणखी तीस दिवस' या दोन-तीन शब्दांत संपतो. बुडीत उधारीचा विचार यात अजून केलेलाच नाही.

एकेकाळी उधारीची मुदत हा दोन व्यापाऱ्यांमधील खाजगी विषय होता. आता त्या मुदतीवर कायद्याची तीन घड्याळे चालतात. पहिले घड्याळ पंचेचाळीस दिवसांचे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज आकारण्याची तरतूद आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही याचे पडसाद उमटले. अशा उत्पादकाचे अथवा सेवा देणाऱ्याचे मुदतबाह्य देणे वर्षअखेर शिल्लक राहिले, तर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही; प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षी मिळते.

दुसरे घड्याळ एकशे ऐंशी दिवसांचे. बिलाच्या तारखेपासून इतक्या काळात पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासह परत करावी लागते. पैसे दिल्यानंतर ती पुन्हा घेता येते. तिसरे घड्याळ बँकेचे. खेळत्या भांडवलाचे कर्ज देताना बहुतेक बँका नव्वद दिवसांहून जुनी येणी हिशेबात धरत नाहीत. गिऱ्हाइकाला 'सवडीने द्या' असे सांगणाऱ्या व्यापाऱ्याने ही घड्याळे नजरेआड करून चालत नाही.

हुंडीपासून पतपत्रापर्यंत

समोर असलेल्या माणसाला उधार देणे तुलनेने सोपे. शेकडो कोसांवरच्या अनोळखी व्यापाऱ्याशी व्यवहार करताना कोणाच्या विश्वासावर माल द्यायचा, हा जुनाच प्रश्न आहे. भारतीय व्यापाऱ्यांनी त्याचे उत्तर हुंडीच्या रूपाने शोधले. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुद्दती हुंडीचे पैसे ठरलेल्या मुदतीनंतर मिळत. हुंडी गहाळ झाली तर पेठ, आणि पेठही गहाळ झाली तर परपेठ देण्याची व्यवस्था होती. त्यातील शहाजोग हुंडी विशेष लक्षणीय आहे. तिचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारात ज्याची शहा म्हणून प्रतिष्ठा आहे, अशा व्यापाऱ्यालाच किंवा त्याच्यामार्फतच ते दिले जात. म्हणजे कागदाच्या सुरक्षिततेची हमी माणसाच्या पतीवर अवलंबून होती. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील अशा संलेखांच्या स्थानिक रूढींना बाधा आणली नाही.

आजच्या आयात-निर्यातीत हेच काम 'लेटर ऑफ क्रेडिट', म्हणजे पतपत्र करते. येथे खरेदीदाराच्या पतीऐवजी बँकेची पत उभी राहते. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३३ मध्ये या व्यवहाराचे समान नियम प्रथम तयार केले. त्यांची 'यूसीपी ६००' ही आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. या नियमांतील एक तत्त्व प्रत्येक निर्यातदाराने पाठ करावे असे आहे : बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा करत नाहीत.

त्याचा अर्थ स्पष्ट आहे. नाशिकच्या बागायतदाराची द्राक्षे कितीही उत्तम असोत. जहाजावर माल चढवल्याची तारीख पतपत्रातील अखेरच्या तारखेनंतरची असेल किंवा निर्यातबिलातील मालाचे वर्णन पतपत्राशी जुळत नसेल, तर बँक पैसे नाकारू शकते. सामान्यतः माल रवाना झाल्यापासून एकवीस दिवसांत कागदपत्रे सादर करावी लागतात आणि बँकेला ती तपासण्यासाठी जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. उलट बाजूने, कागदपत्रे निर्दोष असतील तर निकृष्ट माल आला या कारणास्तव आयातदाराची बँक पैसे अडवत नाही. म्हणून आयातदाराने मालाच्या तपासणीचा दाखला हा पतपत्रातील आवश्यक कागदपत्रांतच समाविष्ट करून घ्यावा. येथील विश्वास कागदापुरता आहे, हे ओळखूनच पाऊल टाकावे.

कराचे क्रेडिट

महाराष्ट्रात २००५ पासून लागू झालेल्या मूल्यवर्धित कराच्या कायद्यात खरेदीवरील कराच्या वजावटीला 'सेट-ऑफ' म्हणत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि 'इनपुट टॅक्स क्रेडिट' हा शब्दप्रयोग प्रत्येक दुकानात पोहोचला. शब्द बदलला तसा समजही बदलला. 'क्रेडिट' म्हटल्यावर ती आपल्या खात्यावर जमा असलेली रक्कमच आहे, असे वाटू लागले.

प्रत्यक्षात ही अटींवर मिळणारी सवलत आहे. वैध बिल हवे, माल अथवा सेवा मिळालेली हवी, पुरवठादाराने त्या बिलाचा तपशील विवरणपत्रात दिलेला हवा, त्याने कर प्रत्यक्ष सरकारजमा केलेला हवा आणि खरेदीदाराने स्वतःचे विवरणपत्र भरलेले हवे. शिवाय आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांतील जी आधी असेल तिच्यानंतर त्या वर्षातील बिलांची वजावट मागता येत नाही.

एक उदाहरण पुरेसे आहे. एक लाख रुपयांच्या मालावर अठरा टक्के दराने अठरा हजार रुपये कर देऊन तो माल सव्वा लाखाला विकला. विक्रीवरील कर बावीस हजार पाचशे. वजावट मिळाली, तर सरकारला साडेचार हजार रुपये भरावे लागतात. पुरवठादाराने कर भरलाच नाही आणि वजावट नाकारली गेली, तर पूर्ण बावीस हजार पाचशे भरावे लागतात. म्हणजे अठरा हजारांचा फटका. पंचवीस हजारांच्या ढोबळ नफ्यातून सात हजार उरतात, आणि त्यातून भाडे, पगार व व्याज भागवायचे असते.

म्हणून दोन रुपये स्वस्त देणाऱ्या पुरवठादारापेक्षा वेळेवर विवरणपत्र भरणारा पुरवठादार शेवटी स्वस्त पडतो. मालाशिवाय नुसते बिल विकत घेण्याचा मोह तर सर्वथा टाळावा; तो कायद्याने गुन्हा आहे. या क्रेडिटमध्ये सरकार खरेदीदारावर ठेवते त्याहून अधिक विश्वास खरेदीदाराला पुरवठादारावर ठेवावा लागतो. कोणाशी व्यवहार करावा, हा वडिलांनी घालून दिलेला जुना विवेक येथे संगणकाच्या पडद्यावर नव्याने उपयोगी पडतो.

मर्यादा म्हणजे भांडवल नव्हे

'कॅश क्रेडिट' हा बँकिंगमधील प्रकार स्कॉटलंडमध्ये जन्मला. १७२८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने एडिंबरा येथील विल्यम हॉग या व्यापाऱ्याला त्याच्या खात्यातील शिलकीपेक्षा एक हजार पौंडांपर्यंत अधिक रक्कम काढण्याची मुभा दिली. गिऱ्हाइकांकडून येणारे पैसे आणि देणी यांच्या वेळांचा मेळ बसत नाही, ही त्याची अडचण होती. आजही या कर्जाचा हेतू तेवढाच आहे.

मंजूर मर्यादा पंधरा लाखांची असली, तरी पंधरा लाख वापरता येतीलच असे नाही. दुकानात वीस लाखांचा माल आहे, त्यातील आठ लाखांच्या मालाचे पैसे पुरवठादारांना द्यायचे आहेत. तर मोबदला दिलेला माल बाराच लाखांचा. त्यावर पंचवीस टक्के दुरावा वजा केला, की उचल करण्याची क्षमता नऊ लाखांची राहते. दरमहा बँकेला द्यायच्या मालसाठा-पत्रकाचा उद्देश हाच. ते पत्रक भरण्यात चालढकल करणारा किंवा त्यात आकडे फुगवणारा व्यापारी बँकेआधी स्वतःचीच दिशाभूल करतो.

या खात्यावरचे सर्वांत मोठे संकट प्रतिष्ठेच्या खर्चातून येते. मुलीच्या लग्नाचा मंडप, गावाबाहेरचा भूखंड किंवा सदनिकेचा पहिला हप्ता यांसाठी कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलली जाते. भूखंडाची किंमत पुढे वाढेलही. परंतु तो विकून सोमवारी सुटणाऱ्या धनादेशाचे पैसे उभे राहत नाहीत. धंदा नफ्यात असूनही खाते थकते, ते अशा वेळी. दीर्घ मुदतीच्या गरजेसाठी दीर्घ मुदतीचेच कर्ज घ्यावे, हा नियम बँकेच्या सोयीसाठी केलेला नाही. त्यात कुटुंबाची झोप सुरक्षित राहते.

क्रेडिट कार्ड हे त्याचेच घरगुती रूप. ठरलेल्या तारखेला पूर्ण बिल भरणाऱ्याला ते काही आठवड्यांची बिनव्याजी सवलत देते. बिलावर 'किमान देय' म्हणून दाखवलेली छोटी रक्कम भरून समाधान मानणाऱ्याला मात्र उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांत महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या पुढे व्याज द्यावे लागते. खाजगी सावकाराच्या ज्या व्याजाला घरातील वडीलधारे कानांवर हात ठेवत, त्याच दराचे कर्ज नातू चकचकीत कार्डावर सहजपणे वापरत असतो.

पत : सगळ्यांचे मूळ

अमेरिकेत १८३७ च्या आर्थिक संकटात असंख्य व्यापारी बुडाले. त्यानंतर लुईस टॅपन या व्यापाऱ्याने १८४१ मध्ये न्यूयॉर्क येथे एक संस्था स्थापन केली. गावोगावचे वार्ताहर तेथील व्यापाऱ्यांची सचोटी, सवयी आणि सांपत्तिक स्थिती यांची माहिती पाठवत आणि ती मोठ्या वह्यांत नोंदवली जाई. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन हेही वकिलीच्या काळात तिचे वार्ताहर होते. भारतात 'सिबिल' या संस्थेची स्थापना २००० मध्ये झाली आणि २००५ मध्ये पतविषयक माहिती कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तीनशे ते नऊशे यांमधील एक आकडा आता कर्जदाराची ओळख बनला आहे.

हा आकडा उपयोगी असला, तरी तो पतीची सावली आहे. हप्ते वेळेवर गेले की नाही, मर्यादेचा किती भाग वापरला, किती ठिकाणी कर्ज मागितले, हे त्याला कळते. भाव पडलेला असतानाही ठरलेला सौदा कोणी पाळला, वजनात कोणी फसवले नाही, मृत भागीदाराच्या विधवेचा हिस्सा कोणी पै-पैसह पोहोचवला, हे त्याला कळत नाही. बाजाराला मात्र कळते. १९१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीसमोर जे. पी. मॉर्गन यांना विचारण्यात आले, की व्यापारी कर्ज प्रामुख्याने पैसा व मालमत्ता पाहून दिले जाते ना? त्या बलाढ्य बँकरने उत्तर दिले, की प्रथम पाहिले जाते ते चारित्र्य. मारवाडी घरांतून ऐकू येणारी 'लाख जाए पर साख न जाए' ही म्हण तेच सांगते.

पतीच्या बाबतीत एका सहीविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. नातलगाच्या किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहणे ही 'नुसती सही' समजली जाते. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ते कर्ज जामीनदाराच्या पतअहवालातही दिसते आणि थकल्यास त्याची स्वतःची पत धोक्यात येते. संबंध जपण्यासाठी सही करायची असेल, तर ती रक्कम आपण स्वतः फेडू शकतो का, हे आधी पाहावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आयकर विवरणपत्र भरताना कुटुंबातील प्रत्येकाचा अहवाल काढून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

श्रेयांक आणि श्रेय

विद्यार्थ्यांच्या जगातील क्रेडिट तुलनेने निरुपद्रवी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आलेल्या श्रेयांक आराखड्यात तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक, आणि वर्षाला बाराशे तासांचे चाळीस श्रेयांक असा हिशेब आहे. ते 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या खात्यात जमा होतात आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येतात. वडिलांच्या आजारपणामुळे किंवा दुकानाची जबाबदारी पडल्यामुळे शिक्षण मध्येच थांबवावे लागणाऱ्या व्यापारी घरांतील मुलामुलींसाठी ही सोय मोलाची आहे. एक-दोन वर्षांचे कष्ट वाया जात नाहीत.

उरतो तो शेवटचा अर्थ, श्रेय. जमाखर्चाचा जो जुना नियम आधी आला, देणारा जमा, तो येथेही लागू पडतो. पेढीला ज्याने दिले, त्याच्या नावावर जमेची नोंद झाली पाहिजे. परंतु पेढीच्या वर्धापनदिनी संस्थापकांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि चाळीस वर्षे खतावणी सांभाळणाऱ्या मुनीमजींचे नाव भाषणात राहून जाते. त्याहून मोठी चूक घरातच होते. अनेक पेढ्यांच्या पडत्या काळात घरातील स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले आणि त्यातून माल भरला गेला, देणी भागली. धंदा सावरला, इमारत उभी राहिली, भागीदारीपत्रे नव्याने लिहिली गेली. त्या दागिन्यांची नोंद मात्र कोणत्याही वहीत नाही.

ही केवळ भावनेची बाब नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, जो जैन कुटुंबांनाही लागू आहे, स्त्रीची मालमत्ता ही संपूर्णपणे तिच्या मालकीची असते. स्त्रीधन घरातील पुरुषांच्या ताब्यात दिले म्हणून ते त्यांचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले आहे. आईने किंवा पत्नीने पेढीला दिलेली रक्कम ही पेढीवरचे देणे आहे. वाटणीच्या वेळी किंवा वार्धक्यात तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, यासाठी ते देणे कागदावर असणे आवश्यक आहे.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. जी रक्कम आता द्यायची ती तिच्या बँक खात्यातून पेढीच्या खात्यात यावी, तिच्या नावाने खतावणीत स्वतंत्र खाते उघडावे, व्याजाचा दर ठरवून वर्षअखेर ते जमा करावे आणि ताळेबंदात तिचे नाव धनकोंच्या यादीत दिसावे. पूर्वी दिलेल्या दागिन्यांबाबत कुटुंबाने एकत्र बसून, सनदी लेखापालाच्या सल्ल्याने, लेखी कबुली तयार करावी. येत्या दिवाळीला वहीपूजन होईल तेव्हा नव्या वर्षाच्या वहीत पहिल्या काही खात्यांमध्ये हे खाते असावे, आणि त्यावर जमेच्या बाजूला आकडा लिहिलेला असावा.